सूर्यापेक्षा जास्त खर्च करणारा मळा

आमच्या खजुरीच्या मळ्याला सूर्य जेवढी उष्णता देतो, त्यापेक्षा जास्त उष्णता मळा खर्च करतो, असं विद्यापीठाचं यंत्र सांगत होतं. यात कुणाला काय त्रास व्हावा? पण झालं असं की त्याच यंत्रानं दुसरी एक गोष्ट सांगितली. आमची झाडं पाळीत मिळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी हवेत सोडतायत. आणि माझे बाबा गावाचे पाटकरी. फलजचं पाणी कुणाच्या मळ्यात किती वेळ वळवायचं, हे तेच ठरवतात. आता पाटकऱ्याच्याच झाडांनी पाळीपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर लोक काय म्हणणार, हे तुम्हीच सांगा.

मी रय्या. अकरावीत आहे, विज्ञान मंडळाची प्रमुख आहे, आणि या वर्षापासून मला वर्गात उभं राहून बोलायची अजिबात भीती वाटत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बरंच बोलले आहे.

फलज म्हणजे आमचा पाट. डोंगराच्या पोटातून निघतो, जमिनीखालून येतो आणि मशिदीपाशी उघड्यावर येतो. पहिलं पाणी प्यायचं, मग वापरायचं, मग मळ्यांना. उघड्या जागेवर एक काठी रोवलेली आहे आणि तिच्या सावलीच्या वाटेवर दगड मांडलेले आहेत. सावली एका दगडावरून दुसऱ्यावर जायला जो वेळ लागतो तो आमचा अथर. प्रत्येक घराच्या वाट्याला अमुक इतके अथर. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, तरी दिवसाची पाळी सावलीवरच चालते. बाबा म्हणतात, मोबाइल प्रत्येकाचा वेगळा असतो, सावली सगळ्यांची एक.

दोन वर्षं डोंगरावर पाऊस नाही. पाट इतका बारीक झाला की त्यात उभं राहिलं तर घोटा नीट बुडत नाही. तेव्हा गावानं तेच केलं जे आमच्याकडे नेहमी करतात. खजुरीला हात लावायचा नाही, हंगामी जमीन सोडून द्यायची. लसूणघास, गहू, कांदा हे पुन्हा लावता येतं, खजूर एकदा गेली की गेली. फलजचे सगळे हिस्सेदार गावच्या आंब्याखाली बसले आणि एकमतानं ठरलं. पश्चिमेच्या बाजूला, आमच्या मळ्याला लागूनच, खलफानकाकांची लसूणघासाची लांबलचक पट्टी आहे. तिच्यापलीकडे नुसता दगडांचा माळ. बाबांनी त्या पट्टीत पाणी सोडायचं दार मातीनं लिंपून बंद केलं. खलफानकाका शेजारी उभे राहून बघत होते. घास पिवळा पडला, मग राखेसारखा झाला, मग त्यात काकांच्या शेळ्याही तोंड घालेनात.

खलफानकाका फलजचे कारभारी आहेत, बैठका आणि तंटे बघतात. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. एकमेकांना चिडवल्याशिवाय दोघांचा कहवा घशाखाली उतरत नाही.

यंत्र त्याआधीच आलं होतं. मस्कतहून बुथैनाताई आल्या, विद्यापीठात शिकवतात, आणि त्यांनी आमच्या मळ्याच्या मधोमध खजुरींच्या शेंड्यांहून उंच एक खांब उभा केला. वर ऊन मोजायची एक थाळी, वारा आणि वाफ मोजायचा एक तीन बोटांचा चिमटा. मळा किती पाणी हवेत गमावतो हे त्यांना बघायचं होतं. थाळीवरची धूळ पुसायचं काम मला मिळालं. शिडीवरून वर गेलं की सगळा मळा खाली, हिरवा, आणि चारी बाजूंनी तपकिरी. ताटात मधोमध भाजी वाढून बाकी ताट रिकामं ठेवावं तसं.

दर आठवड्याला बुथैनाताई हिस्सेदारांच्या व्हॉट्सॲप गटावर सोप्या भाषेत एक निरोप टाकत. झाडांनी एवढं पाणी सोडलं. पहिल्यांदा कुणी वाचायचंही नाही. लोक त्याखाली लग्नाची आमंत्रणं टाकायचे. मग पट्टी वाळली, पश्चिमेचा वारा, आमची घरबी, सुरू झाली, आणि आकडा वर चढायला लागला. आमची पाळी तीच. झाडं तीच. ऊन तर यंत्रच सांगत होतं की तेवढंच आहे. आणि आकडा मात्र पाळीच्या पाण्याला ओलांडून पुढे.

खलफानकाकांनी गटावर बाबांसाठी आवाजातला निरोप पाठवला. हसत होते आधी. "हिलाल, तुझ्या झाडांना दुसरीकडूनही कुणी पाजतं का रे? आमच्याकडेही पाठव त्याला." खाली हसणारे चेहरे आले. पुढच्या आठवड्यात कुणी हसलं नाही. एकानं लिहिलं की यंत्र मस्कतचं आहे, त्याला गावातल्या कुणाशी वैर नाही. मग शुक्रवारी नमाजानंतर काकांनी बाबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की लोक बोलतायत, पुढच्या शुक्रवारी आंब्याखाली सगळ्यांसमोर विषय घ्यावा लागेल. तोवर हे थांबलं नाही तर पाटकरी बदलावा असं काहींचं म्हणणं आहे.

बाबा घरी आले. आईनं ताट वाढलं. बाबा भाताकडे बघत तिला म्हणाले, "मौझा, माझ्या हातून कुठे दार नीट लिंपायचं राहतंय का?"

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते स्वतःवरच शंका घ्यायला लागले. दुसऱ्या दिवशी काठी सरळ आहे का ते ओळंबा लावून पाहिलं. दगड हलले आहेत का ते पाहिलं. आमच्या मळ्याच्या दाराशी बसून गाळ चाचपत राहिले. एवढा मोठा माणूस, ज्याच्या एका शब्दावर गाव पाणी वळवतं, तो गुडघ्यावर बसून चोर शोधत होता आणि चोर आपणच असू असं त्याला वाटत होतं. मी शेजारी बसले तर म्हणाले, यंत्र खोटं कशाला सांगेल. मी म्हटलं, तुम्ही कशाला सांगाल.  मनातल्या मनात मी पण एकदा विचारलंच स्वतःला, खरंच घेतलं असेल तर? आणि मग दिवसभर त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत राहिली.

बाबांनीच मग काकांना सांगितलं की माझ्या पाळीला तू येऊन उभा राहा. काका आले, खुर्ची टाकून बसले, सावली दगडाला टेकली तसं दार बंद झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आठवड्याचा आकडा आला. आणखी वर. आता सगळेच गोंधळले. काका म्हणाले, मी पाहिलं तेवढं खरं, पण मी काय चोवीस तास बसलो होतो का? ज्यांना यंत्र म्हणजे विद्यापीठाचं खेळणं वाटायचं, ते आता यंत्राची बाजू घेत होते. आणि ज्या बुथैनाताईंनी ते लावलं होतं, त्या फोनवर मला म्हणाल्या की रय्या, मला वाटतं यंत्रच बिघडलंय.

त्या लगेच आल्या. थाळीजवळ बसून त्यांनी मला हिशेब समजावला. सूर्य जी उष्णता देतो ती तीन ठिकाणी जाते. थोडी जमीन तापवते, थोडी हवा तापवते, आणि बाकीची पाण्याची वाफ करते. देणारा एक, घेणारे तीन. घेणारे मिळून देणाऱ्यापेक्षा जास्त घेऊ शकत नाहीत. आणि इथे सूर्यानं शंभर दिले असं धरलं तर एकट्या वाफेनंच सव्वाशेच्या वर नेले होते. शिवाय हवेच्या रकान्यात उणे चिन्ह. दुपारभर उणे. म्हणजे हवा तापत नव्हतीच, उलटंच काहीतरी.

"उलटं बसलंय वाटतं," ताई म्हणाल्या.

मग आम्ही दोघी शिडीवर चढलो आणि तो चिमटा उलटा आहे का ते पाहिलं. सरळ होता. तरी काढून पुन्हा बसवला. ताईंचा ओढणीचा पदर दोनदा काट्यांत अडकला. खाली उतरून पाहिलं तर पुन्हा उणे. सकाळी अधिक, दुपारी उणे, वारा सुटला की जास्तच उणे. ताई खांबाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या की त्या मस्कतला कळवून यंत्र उतरवून घेतील.

मी म्हटलं, नको. का ते त्यांना पटकन कळलं नाही, म्हणून सांगितलं. यंत्र राहिलं तर ते बाबांना चोर म्हणणार. उतरवलं तर गाव म्हणणार, पाटकऱ्यानं उतरवायला लावलं. ताईंनी मान वर करून थाळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या की हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, त्या फक्त आकडे पाठवत होत्या.

शुक्रवार दोन दिवसांवर. माझी रसायनशास्त्राची परीक्षा त्याच्या आदल्या दिवशी, तीही नशिबानं. पेपर कसा लिहिला ते विचारू नका. घरी आले तर आई मळ्यातल्या दोरीवरचे कपडे काढत होती आणि कुरकुरत होती. आमच्याकडे मळ्यात कपडे वाळत घालतात ते रंग उडू नयेत म्हणून. सावलीत ते हळू वाळतात, संध्याकाळपर्यंत दमट राहतात, म्हणून आई सकाळीच घालते. आता म्हणे दुपारच्या जेवणाआधीच पापडासारखे कडक. बाबांची दिशदाशा, म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, तिनं मला दाखवली, ती उभी धरली तर उभीच राहत होती.

मी ती हातात धरून उभी राहिले. सावलीत. ऊन नाही. मग वाळवलं कुणी?

मला तेव्हा काही कळलं असं नाही. फक्त डोक्यात काहीतरी अडकलं. मी दोन टॉवेल ओले केले. एक मळ्याच्या पूर्वेला दाट झाडांत टांगला, एक पश्चिमेला, काकांच्या वाळलेल्या पट्टीला लागून असलेल्या शेवटच्या खजुरींखाली. दोन्हीकडे सावली. आणि पश्चिमेच्या टॉवेलजवळ बसून राहिले. घरबी सुटली होती. माळावरून येत होती, दगडांवरून, मग त्या राखेसारख्या पट्टीवरून, आणि सरळ माझ्या तोंडावर. भट्टीचं झाकण उघडल्यासारखी. मागच्या उन्हाळ्यात मी इथेच बसून अभ्यास करायचे. तेव्हाही घरबी यायची, पण ती ओल्या घासावरून येताना मवाळ होऊन यायची, तिला घासाचा वास असायचा. आता तिला कसलाच वास नव्हता. माझा टॉवेल डोळ्यांदेखत वाळला. पूर्वेचा पाहायला गेले तर पिळला तर पाणी गळेल इतका ओला.

मी ताईंना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं, टॉवेल, दिशदाशा, वास, सगळं उलटसुलट. त्या म्हणाल्या, हळू. मी पुन्हा सांगितलं. मग पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. 

"उणे बरोबर होतं," ताई हळूच म्हणाल्या. "झाडं हवेला तापवत नाहीयेत, रय्या. हवा झाडांना तापवतेय. सूर्य एकटा देणारा नाही. माळही देतोय."

पुस्तकात हे त्यांनी वाचलं होतं म्हणे, शिकवलंही होतं. पण खांब लावला तेव्हा पश्चिमेला घास हिरवा होता आणि आकडे शहाण्यासारखे जुळत होते. घास गेला हे त्यांना कुणी कळवलंच नाही, आणि आदल्या दिवशी शिडीवर त्यांची नजर चिमट्यावरच होती. आम्हाला वाटलं घासाचं काय कळवायचं.

शुक्रवारी आंब्याखाली सगळे जमले. बायका फारशा येत नाहीत, पण ताई आल्या होत्या आणि ताईंची टॅब्लेट धरायला मी. बाबा एका बाजूला पाय दुमडून बसले होते, कहवा हातात तसाच. ताईंनी सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत लोकांच्या कपाळावर आठ्या आल्या, कारण त्यांनी ऊर्जेचा समतोल असा शब्द वापरला. मी त्यांच्या बाहीला हात लावला आणि विचारलं, मी बोलू? आणि बोललेच.

मी म्हटलं, पाणी फलजमधून चोरता येतं हे मान्य. पण यंत्र म्हणतंय की झाडांनी सूर्यापेक्षा जास्त उष्णताही खर्च केली. "बाबांनी पाणी तुमचं चोरलं असं धरू. मग उष्णता कुणाची चोरली?"

कुणीतरी हसलं. खलफानकाका हसले नाहीत. त्यांनी विचारलं की मग चोरली कुणाची ते तूच सांग. मी म्हटलं, तुमच्या पट्टीवरून येतेय काका, पट्टी वाळली म्हणून. त्यावर एकच गलका झाला. एक म्हणे पट्टी तर सगळ्यांच्या मतानं वाळवली. दुसरा म्हणे, म्हणजे आता चोर खलफान? तिसरा म्हणे, वाऱ्यावर पंचायत बसवा. मला वाटलं होतं मी बोलले की सगळ्यांना लख्ख कळेल, आणि झालं भलतंच, आधी एका माणसावर संशय होता, आता सगळे एकमेकांकडे बघत होते.

काकांनी हात वर केला तेव्हा शांत झालं. ते म्हणाले, वारा कितीही तापलेला असो, वाफ व्हायला पाणी तर लागतंच ना. पाळीपेक्षा जास्त पाणी आलं कुठून?  मी ताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या की जमिनीत खोल साठलेलं असेल, मागच्या चांगल्या वर्षांचं. असेल, म्हणाल्या. आहे, म्हणाल्या नाहीत.

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "खणून बघा. चोरलं असेल तर ओल असेल."

सगळे उठून मळ्यात गेले. पश्चिमेच्या रांगेतली एक खजूर निवडली काकांनी स्वतः, आणि कुदळ बाबांच्या हातात न देता स्वतःच मारली. वरची माती पाळीच्या पाण्यानं ओली होती. त्याखाली हात जाईल तेवढं सुकं. आणखी खणलं. आणखी सुकं. माती मुठीत धरली तर गोळा होईना, बोटांतून पिठासारखी गळली. दुसऱ्या झाडाखाली खणलं, तेच. चोरून पाणी पिणाऱ्या मळ्याची जमीन अशी नसते, हे तिथल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती.

मी बाबांकडे बघून हसणारच होते. पण बाबांचा चेहरा उतरला होता, आरोप झाला त्या दिवशीपेक्षाही जास्त. ते खड्ड्यात उतरले आणि मातीत हात घालून बसले. मला उशिरा कळलं. चोरी झाली नव्हती म्हणजेच झाडं आपली साठवण खात होती, आणि साठवण संपली होती. यंत्रानं त्यांना निर्दोष ठरवलं ते हे सांगून, की खजूर जाणार आहे. मी खूश व्हायचं की रडायचं हे मला आजही नीट सांगता येत नाही.

आता काय करायचं यावर खड्ड्याभोवतीच बोलणं झालं. कुणी म्हणालं, फांद्यांचं कुंपण घाला. ताई म्हणाल्या की त्यानं वारा थोडा अडेल, पण गार होणार नाही. गार व्हायला त्याच्या वाटेत काहीतरी ओलं, हिरवं हवं. म्हणजे पट्टीला पाणी द्यायला हवं. काकांनी डोक्याला हात लावला. "पाणी वाचवण्यासाठी घासाला पाणी पाजायचं? मुली, ही विद्या तू कुठून आणलीस?" मी म्हटलं मलाही विचित्रच वाटतंय. किती पाणी दिल्यावर किती वाचेल, असं एकानं विचारलं. ताई म्हणाल्या, माहीत नाही. पट्टीची कड तेवढी ओली करून बघावी लागेल, आणि कदाचित तोटाच होईल.

बाबा खड्ड्यातून वर आले आणि हात झटकत म्हणाले, की गावाचं पाणी अशा अंदाजावर वळवता येणार नाही. त्यांच्या स्वतःच्या पाळीतला एक अथर ते पट्टीच्या कडेला देतील. कुजबुज झालीच. मागून एक आवाज आला, पाहा, आता परत करतोय. म्हणजे ज्यांना चोरीच बघायची होती त्यांना यातही ती दिसली. बाबांच्या कानावर ते पडलं, मान वळली नाही.

खलफानकाकांनी मात्र वळून त्या माणसाकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "जमीन माझी आणि पाणी तुझं, असं कसं? माझ्याही पाळीतला एक घे, पाटकरी. चोराला नाही देत मी, पाटकऱ्याला देतोय. वारा निर्दोष सुटला तर मात्र वसूल करीन." आणि कुदळ त्यांच्या हातात दिली.

पाटकरी बदलायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. काढला नाही इतकंच. मिटला का, ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत बाबांनी पट्टीचं लिंपलेलं दार फोडलं. पाणी आत शिरलं आणि जागच्या जागी गायब झालं. बोटभर पुढे सरकायचं, जमीन गिळायची, पुन्हा बोटभर. माझ्यामागे खजुरी तहानलेल्या उभ्या आणि पुढे आम्ही मेलेल्या घासाला पाणी पाजतोय. मी ताईंना विचारलं, आपण बरोबर करतोय ना? त्या पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, तू आधी थाळी पुसून ये, वाऱ्यानं भरली असेल.

मी शिडीकडे निघाले. मागून बाबांचा आवाज आला, ते काकांना सांगत होते की पाय काढ तिथून, बांध फुटेल, आणि काका मुकाट्यानं पाय काढत होते.